द्राक्षबागेतल्या ट्रॅक्टरचे धुराडे पोटाखाली घेताना

मंडपाच्या बागेत छोटा ट्रॅक्टर घालणाऱ्याला हे दृश्य नवे नाही. ब्लोअर मारत ओळीच्या टोकाला आलात, मागे वळून पाहिलेत, तर डोक्यावरच्या कोवळ्या फुटी माना टाकून बसलेल्या. दुसऱ्या दिवशी पानांच्या कडा तपकिरी होतात आणि तिसऱ्या दिवशी पान हातात चुरगळते. मग आपण औषधाच्या दुकानात जाऊन भांडतो. औषधाचाही दोष असतो कधी कधी, नाही असे नाही. पण करपलेली पाने सगळ्या बागेत नसून ओळीच्या मधोमध, हातभर रुंदीच्या सरळ पट्ट्यात असतील, तर दुकानदाराला सोडा आणि आपल्याच ट्रॅक्टरच्या बॉनेटवर उभ्या असलेल्या नळीकडे बघा.

कंपनीने ती नळी उभी दिली आहे ती उगीच नाही. धूर चालवणाऱ्याच्या नाकावरून वर जावा, ठिणगी पडली तर ती गवतात न पडता हवेत विझावी, चिखलपाण्यात नळी बुडू नये, हा त्यामागचा विचार. मोकळ्या रानात तो शंभर टक्के बरोबर आहे. पण आपल्या मंडपाची तार सहा-साडेसहा फुटांवर आणि नळीचे तोंड पाच-साडेपाच फुटांवर. मध्ये राहिले हातभर अंतर. इंजिनावर पूर्ण भार असताना डिझेलचा धूर मॅनिफोल्डपाशी चारशे-पाचशे अंश सेल्सियसच्या घरात असतो. नळीच्या तोंडापर्यंत तो बराच निवतो, पण कोवळ्या फुटीला तेवढाही पुरतो. घडात पाणी भरायच्या दिवसांत तर मण्यावर काजळी बसते आणि मण्यावरची नैसर्गिक पांढरी लव पुसली जाते. व्यापारी ती पेटी बाजूला काढतो, हे वेगळे सांगायला नको.

म्हणून आपल्याकडे नाशिक, सांगली, सोलापूरच्या बागायती भागात गॅरेजवाल्याकडे जाऊन उभे धुराडे काढायचे आणि ट्रॅक्टरच्या पोटाखाली, मधोमध आडवे बसवून घ्यायचे, हा उद्योग बरेच जण करतात. मीही केला. २०१७ साली केला, एकदा चुकला, दुसऱ्यांदा बसला. त्या चुकण्याचीच हकीकत जास्त उपयोगाची आहे, म्हणून ती आधी सांगतो.

पहिल्या फेरीची फजिती

माझा ट्रॅक्टर वीस अश्वशक्तीचा, तीन सिलिंडरचा. एप्रिलची खरड छाटणी तोंडावर आलेली. तालुक्याच्या गावी एक वेल्डिंगवाला आहे, हात चांगला, पण घाई फार. मी म्हणालो, "मेस्त्री, हे धुराडं खाली घ्यायचं." तो म्हणाला, "नाना, चहा घ्या, तोवर होतंय." आणि खरेच, दोन चहा होईतो झाले! भंगारात पडलेली सव्वा इंची पाण्याची पांढरी नळी त्याने घेतली, काटकोनात कापून दोन ठिकाणी जोडली, जुना सायलेन्सर फेकून देऊन पत्र्याचा एक पोकळ डबा बनवला आणि तो इंजिनाखाली टांगला. टांगला म्हणजे अक्षरशः टांगला. सगळे वजन मॅनिफोल्डच्या दोन बोल्टांवर.

ट्रॅक्टर सुरू केला तर आवाज असा की वस्तीवरची कुत्री उठली. म्हटले असू दे, पाने तर वाचतील. दुसऱ्या दिवशी ब्लोअर जोडला आणि इंजिन दम टाकू लागले. चढाला काळा धूर, पाण्याचा काटा वर. आठव्या दिवशी मॅनिफोल्डचा एक बोल्ट तुटला. त्याच दिवशी संध्याकाळी खाली वाकून ब्लोअरचा शाफ्ट काढताना आमच्या गड्याची पोटरी त्या उघड्या डब्याला लागली. कातडी निघून आली. पंधरा दिवस तो बागेत नव्हता. त्याची मजुरी मी दिली, दवाखान्याचे पैसेही दिले, पण तो परत आल्यावर ट्रॅक्टरच्या उजव्या अंगाने जायचा नाही. वळसा घालून जायचा. ते बघितले की माझी मलाच लाज वाटायची.

यात मेस्त्रीचा दोष किती आणि माझा किती, हे तुम्हीच ठरवा. मी त्याला फक्त "खाली घे" एवढेच सांगितले होते. नळी केवढी, वाक कसा, वजन कशावर, जवळून काय जाते, यातले एक अक्षर मला माहीत नव्हते.

धुराला वाट हवी

आता थोडे इंजिनाचे गणित. कंटाळू नका, सोपे आहे. आपली इंजिने चार स्ट्रोकची. क्रँकचे दोन फेरे झाले की एक सिलिंडर एकदा धूर फेकते. इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे फिरत असेल तर एक सिलिंडर हजार वेळा आणि तिन्ही मिळून तीन हजार वेळा धुराचा ठोसा नळीत मारतात. हा ठोसा पटकन बाहेर गेला तर सिलिंडरमध्ये नवी हवा पुरेशी शिरते. तो अडला तर जळका वायू आत तुंबतो, नवी हवा कमी पडते, डिझेल मात्र पंप तेवढेच देतो. हवा कमी आणि डिझेल तेवढेच, म्हणजे काळा धूर, तापलेले इंजिन आणि पडलेली ताकद. यालाच मेस्त्री लोक "बॅक प्रेशर" म्हणतात.

माझी मूळ नळी आतून पावणेदोन इंची होती. मेस्त्रीने लावली सव्वा इंची. ऐकायला फरक अर्ध्या इंचाचा. पण नळीची वाट व्यासाच्या वर्गाने मोजायची असते. हिशेब केला तर धुराची वाट निम्म्यावर आली होती! पाटाचे पाणी निम्म्या चारीतून काढायला गेलात तर मागे फुगवटा येणारच. त्यात दोन काटकोन. ओढ्याला काटकोनात वळवून बघा, पाणी कसे आदळते ते.

तेव्हा पहिली गोष्ट ही की नळीचा आतला व्यास मूळ नळीपेक्षा कमी होता कामा नये. लांबी वाढणार असेल तर एक सूत मोठीच घ्या. वाक द्यायचा तो लांब, गोलाईचा. तयार वाकवलेले बेंड बाजारात मिळतात. ते नसतील तर एका काटकोनाऐवजी पंचेचाळीस अंशांचे दोन तुकडे जोडावेत. जोडाच्या आत वेल्डिंगचे ओघळ राहिले तर ते कानशीने काढायला लावा. मेस्त्री कुरकुर करील, पण लावा.

दुसरी गोष्ट नळीच्या जातीची. पाण्याची पांढरी, म्हणजे जस्त चढवलेली जी.आय. नळी घेऊ नका. वेल्डिंग करताना त्या जस्ताचा पांढरा धूर निघतो आणि तो छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. वेल्डिंगवाल्या पोरांना हा ताप ठाऊक असतो. ती त्यावर दूध पितात आणि पुन्हा तेच काम करतात. दुधाने काही होत नाही. काळी लोखंडी नळी घ्या, सोळा गेज म्हणजे १.६ मिलिमीटर जाडीची, आणि दगडधोंड्याचे रान असेल तर चौदा गेज म्हणजे दोन मिलिमीटरची.

तिसरी गोष्ट सायलेन्सरची. मूळ सायलेन्सर फेकू नका. त्याच्या पोटात नुसती पोकळी नसते. भोके पाडलेली नळी असते, आडपडदे असतात, कप्पे असतात. ठोशांचा आवाज त्या कप्प्यांत आपटून एकमेकांना मारतो आणि धूर मात्र अडत नाही. हे माप कंपनीने इंजिनाला जुळवून केलेले असते. पत्र्याच्या डब्याला ते येत नाही. तोच मूळ सायलेन्सर आडवा करून पोटाखाली बसवता येतो. मात्र आडवा केल्यावर त्यात पाणी साचते. हसू नका, एक लिटर डिझेल जळले की त्यातून जवळजवळ एक लिटर पाणी वाफ होऊन निघते. थंडीत सकाळी ती वाफ सायलेन्सरमध्येच पाणी होते आणि आतून गंज धरतो. म्हणून सायलेन्सर तोंडाकडे थोडा उतरता ठेवावा आणि सगळ्यात खालच्या जागी तीन मिलिमीटरचे एक भोक ठेवावे.

आवाजाचे म्हणाल तर चालवणाऱ्याच्या कानाचा विचार करा. कानाच्या आरोग्याचा एक जगभर वापरला जाणारा हिशेब आहे. ८५ डेसिबलचा आवाज आठ तासांपर्यंत सोसावा आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी करावी. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, आणि शंभर डेसिबलला अवघी पंधरा मिनिटे. आपण तर ब्लोअर घेऊन सकाळी सहाला बसतो ते दुपारी उतरतो. संध्याकाळी घरच्यांनी हाक मारली की "काय म्हणालीस?" असे दोनदा विचारणारे कितीतरी ट्रॅक्टरवाले तुम्हाला माहीत असतील.

लेव्हल नळीची परीक्षा

दुसऱ्या फेरीला मी दुसऱ्या मेस्त्रीकडे गेलो. वयाने मोठा, बोलायला कमी. त्याने एक गोष्ट केली ती मला फार आवडली, म्हणून सविस्तर सांगतो.

गवंडी लेव्हल बघायला पारदर्शक नळी वापरतो ना, तशी दहा-बारा फुटांची नळी त्याने घेतली. मॅनिफोल्डच्या खाली नळीला एक भोक पाडून नट वेल्ड केला, त्यात हातभर तांब्याची बारीक नळी बसवली, कारण प्लास्टिक थेट लावले तर वितळते, आणि तिला ती पारदर्शक नळी जोडली. नळीचा इंग्रजी यू अक्षरासारखा झोका करून फळीला बांधला आणि त्यात रंगीत पाणी भरले. इंजिन बंद असताना दोन्ही बाजूंचे पाणी सारखे. इंजिन सुरू करून पूर्ण रेस दिली की एका बाजूचे पाणी खाली जाते, दुसरीकडे वर चढते. दोन्हींतले अंतर इंचात मोजायचे. झाले, धुराचा दाब मोजला! चार इंच पाणी म्हणजे एक किलोपास्कल. कंपनीच्या पुस्तकात याची कमाल मर्यादा दिलेली असते, पुस्तक नसेल तर वितरकाला विचारा. आणि ती आकडेमोड नको असेल तर नुसती तुलना करा. आधी मूळ उभ्या नळीवर मोजा, मग नव्या आडव्या नळीवर मोजा. इंजिन तेच, रेस तीच. पाणी फार नाचत असेल तर नळी बोटाने किंचित दाबून धरायची, म्हणजे स्थिरावते.

माझ्या ट्रॅक्टरवर मूळ नळीला नऊ इंच आले. त्या पहिल्या सव्वा इंची करामतीवर अठ्ठावीस. नव्या कामावर अकरा. मेस्त्री म्हणाला, "दोन इंचाचं काही नाही, नाना. लांबी वाढली ना." मोजमाप झाल्यावर त्या नटात बोल्ट घट्ट बसवून टाकला. पुढे कधी शंका आली तर बोल्ट काढून पुन्हा मोजता येते.

तुमच्या मेस्त्रीला हे करायला सांगा. खर्च एका नळीचा.

वजन, वाढ आणि जवळपासचे शेजारी

पोटाखाली धुराडे बसवताना सगळ्यात आधी ट्रॅक्टरखाली निजून बघा. मेस्त्रीने नाही, तुम्ही. पोटाची सगळ्यात खालची रेषा कोणती ती बघा आणि धुराडे त्या रेषेच्या वरच राहील असे ठरवा. बांध ओलांडताना, सरीतून जाताना, चाक रुतल्यावर काय होईल ते डोळ्यांसमोर आणा. मग शेजारी बघा. डिझेलची नळी, फिल्टरचा वाडगा, हायड्रॉलिकच्या रबरी नळ्या, बॅटरीची केबल, ब्रेकचे दांडे. मोटार वाहन नियमांत धुराड्याची नळी इंधनाच्या नळीपासून किमान ३५ मिलिमीटर दूर असावी असे आहे. मला विचाराल तर तेवढ्यावर थांबू नका. वीतभर अंतर ठेवा, आणि ठेवता येत नसेल तर डिझेलची नळीच दुसरीकडून फिरवा.

वजनाचे पाहू. सायलेन्सरचे वजन मॅनिफोल्डवर टाकायचे नाही. क्लचच्या घरापाशी किंवा चेसिसच्या जाड बोल्टांवर पट्टी घेऊन सायलेन्सर तिच्यावर बसवावा. पण ती पट्टी दोन्ही टोकांना आवळून टाकली तर नवी पंचाईत. लोखंड तापले की लांबते. एक मीटर नळी चारशे अंशांनी तापली तर सुमारे पाच मिलिमीटर वाढते. दोन्हीकडे जखडलेली नळी जाणार कुठे? ती वेल्ड तरी फोडते, बोल्ट तरी तोडते. म्हणून मागच्या पट्टीचे भोक गोल न ठेवता लांबट ठेवतात. माझा बोल्ट आठ दिवसांत का तुटला हे मला तेव्हा कळले. टर्बो असलेल्या इंजिनावर तर नळीचे वजन टर्बोवर अजिबात येऊ देऊ नका. तो भाग दुरुस्तीला फार महाग.

ट्रॅक्टरवरच वेल्डिंग करायची वेळ आली तर बॅटरीची तार आधी काढा. शक्य तितके जोडकाम खाली जमिनीवर करून घ्या आणि ट्रॅक्टरवर फक्त बोल्टने चढवा.

तोंड कुठे काढायचे हा पुढचा प्रश्न. धूर खाली जमिनीवर किंवा डाव्या अंगाला न सोडता मागे वा उजवीकडे सोडावा, असा मोटार वाहनांचा सर्वसाधारण नियम आहे. बागेत मागे ब्लोअर असतो, त्याची प्लास्टिकची टाकी असते, पंख्याची ओढ असते. तिकडे तोंड काढले तर धूर पंख्यातून पुन्हा पानांवरच! मी तोंड उजवीकडे काढले, मागच्या चाकाच्या पुढे, टायरवर नेम धरणार नाही असे. त्यात एक गोम आहे. ट्रॅक्टर ओळीत उभा करून इंजिन चालू ठेवले आणि तोंडाजवळ ठिबकची नळी आली, तर ती मऊ पडून लोंबते. चालत्या ट्रॅक्टरला हा धोका नाही. थांबायचे तर इंजिन बंद करा, तेवढेच डिझेलही वाचते.

अमेरिकेत रेतीत, डोंगरात उडवायच्या चार चाकांच्या मोटारसायकली असतात. त्यांना तिकडे क्वाड म्हणतात, आपल्याकडे पर्यटनाच्या ठिकाणी भाड्याने मिळतात त्यांच्याच भाऊबंद. तिथली हौशी पोरे त्या गाडीचे उजव्या बाजूचे धुराडे काढून सीटखाली मधोमध बसवतात. वजन मध्यावर यावे, झाडाला घासू नये, पाय भाजू नये म्हणून. खटपट तीच, व्यासाची, वाकाची, पट्टीची. फरक एवढाच की तिथे सरकारी जंगलात शिरायचे तर धुराड्यात ठिणगी अडवणारी जाळी लागते आणि ०.०२३ इंचांपेक्षा, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून थोड्या मोठ्या काजळीच्या कणांना तिने अडवले पाहिजे, असे तिथल्या वनखात्याचे माप आहे. एवढासा कण जंगल पेटवू शकतो, हे त्यांनी मोजून ठरवले. आपल्याकडे जंगल नाही, पण गव्हाचे काड आहे, उसाचे पाचट आहे आणि छाटणीच्या वाळलेल्या काड्या आहेत.

आगीचे काय?

पोटाखालच्या धुराड्याचा खरा धोका हाच आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. उभी नळी पाने भाजायची, पण आग लावायची नाही. खालचे धुराडे पाने वाचवते आणि स्वतःच वाळल्या कचऱ्यात बसते. वाळलेले गवत, काड साधारण अडीचशे-तीनशे अंशांना पेट घेते. भाराखाली चाललेल्या ट्रॅक्टरची मॅनिफोल्डजवळची नळी त्याहून तापलेली असते.

माझ्या बाबतीत असे झाले. छाटणीच्या काड्या ओळीच्या टोकाला ढीग करून ठेवलेल्या. दुपारी दोनची वेळ, मे महिना. फवारणी संपवून मी ट्रॅक्टर नेमका त्या ढिगाच्या कडेवर उभा केला आणि पाणी प्यायला गेलो. तांब्या तोंडाला लावतोय तोच मुलगा ओरडला. खालून धूर येत होता, इंजिन बंद असून. ब्लोअरच्या टाकीत शंभरेक लिटर औषधाचे पाणी उरले होते म्हणून निभावले, आम्ही तेच नळीने मारले. नाहीतर डिझेलची टाकी वर, ढीग खाली आणि वाऱ्याच्या दिशेला शेजाऱ्याची बाग. ते आठवले की आजही घाम फुटतो.

त्यानंतर मी नळीवर आणि सायलेन्सरवर एक मिलिमीटर पत्र्याचे कवच केले, मध्ये इंचभर हवेची फट सोडून. फट महत्त्वाची. पत्रा नळीला चिकटवला तर तोही तेवढाच तापतो. खालूनही पत्रा दिला, पुढचे टोक होडीसारखे वर वळवून. पण खालच्या पत्र्याचा एक तोटा आहे. त्याच्यात वरून पाला, काडी, तेलकट माती साचते आणि तीच पेटायला बसते. म्हणून तो पत्रा चार बोल्टांवर ठेवा, वेल्ड करू नका. हंगामात रोज सकाळी ट्रॅक्टर गार असताना हवेने किंवा काडीने साफ करा. इंजिनाचे तेल खाली ठिबकत असेल तर आधी ते बंद करा, मगच धुराडे खाली घ्या.

भुरीसाठी गंधकाची भुकटी धुरळणाऱ्यांना आणखी एक सांगतो. गंधक सव्वादोनशे अंशांच्या आसपासच पेटते आणि धुरळ्यात असेल तर त्याच्याही आधी. पेटले की त्याचा धूर छाती कोंडतो. गंधकाची पिशवी ट्रॅक्टरच्या पायरीवर, धुराड्याच्या डोक्यावर ठेवू नका. मी एकाकडे ठेवलेली पाहिली आहे.

धुराच्या उंचीचाही विचार हवा. उभ्या नळीचा धूर माणसाच्या डोक्यावरून जायचा, खालच्याचा धूर मंडपाखाली साचतो. वारा पडलेला असेल तर शेजारच्या ओळीत विरळणी करणाऱ्या बायांच्या तोंडावर जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले आहे. बाया बोलत नाहीत, पदर नाकाला लावतात. तेव्हा ज्या भागात माणसे कामाला आहेत तिथे ट्रॅक्टर घालू नये, कामाच्या वेळा वेगळ्या ठेवाव्यात. मी तसे ठेवतो आणि माझे काम काही अडलेले नाही. बंद शेडमध्ये ट्रॅक्टर चालू ठेवणे तर दोन्ही नळ्यांना वाईटच. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि रक्त त्याला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने धरून ठेवते.

कागदाची बाजू

इथे सरपंच, पोलीस पाटील आणि ग्रामपंचायतीच्या मंडळींनीही लक्ष द्यावे. ट्रॅक्टरला सायलेन्सर असलाच पाहिजे, हे केंद्रीय मोटार वाहन नियमांत स्पष्ट लिहिलेले आहे. "शेतीचं वाहन आहे, आम्हाला चालतं," ही समजूत चुकीची आहे. गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करण्यावर कायद्याचे कलम ५२ आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य फेरफारासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर फेरफारामागे पाच हजार रुपयांपर्यंत दंड अशी तरतूद आहे. आवाज आणि हवेच्या प्रदूषणाचे मापदंड मोडले तर पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि परवाना तीन महिने जाऊ शकतो.

म्हणून माझा पहिला सल्ला हा की मेस्त्रीकडे जाण्याआधी वितरकाकडे जा. छोट्या ट्रॅक्टरांच्या काही मॉडेलांना कंपनीकडूनच खालचे, आडवे धुराडे मिळते. बाग डोळ्यांसमोर ठेवूनच ते बनवलेले असते, वॉरंटी जात नाही आणि कागदाचा प्रश्न येत नाही. थोडे महाग पडेल. ट्रॅक्टर नवा घेताना तर खरेदीच्या वेळीच मागून घ्या, तेव्हा वितरक नाही म्हणत नाही. ते मिळतच नसेल आणि मेस्त्रीकडून करून घ्यायचे असेल, तर परिवहन कार्यालयात आधी विचारा. काम होण्यापूर्वी विचारलेले बरे, नंतर अडलेले वाईट.

जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरच्या नव्या ट्रॅक्टरांना प्रदूषणाचे कडक मापदंड लागू झाले आहेत. त्यांच्या धुराड्यात धूर शुद्ध करणारी यंत्रणा आणि तिला जोडलेल्या तारा असतात. त्याला गावच्या मेस्त्रीने हात लावू नये. बागेत एवढा मोठा ट्रॅक्टर कोणी घालत नाही, पण एका भावाचा बागेतला आणि दुसऱ्याचा उसाचा असतो, आणि मेस्त्री एकच असतो.

आणि ती बुलेटची फटाके मारणारी पोरे! सायलेन्सर काढून आवाज करणे आणि बाग वाचवायला धुराडे हलवणे या दोन गोष्टी पोलिसांना एकच दिसतात, हा आपला तोटा. राज्यातल्या अनेक शहरांत पोलिसांनी असे जप्त सायलेन्सर रस्त्यावर मांडून रोडरोलर फिरवला. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी घातलेली आहे आणि ती गावालाही लागू आहे. ग्रामसभेत हा विषय एकदा घ्यायला हरकत नाही.

खरड छाटणी एप्रिलमध्ये येते. करायचे असेल तर माल उतरल्यावर, मार्चमध्येच करून घ्या, घाईत नको. काम झाल्यावर पहिले आठ दिवस सगळे बोल्ट रोज हाताने तपासा, गार असताना. जोडांवर काळी रेघ दिसली तर तिथून धूर गळतो आहे असे समजा आणि पॅकिंग बदला. आणि जुनी उभी नळी भंगारात देऊ नका. आमच्याकडे ओढ्याकाठच्या दोन एकरांत भात असतो. चिखलणीला पोटाखालचे धुराडे पाण्यात बुडते आणि तापलेल्या वेल्डवर गार पाणी पडले की ते तडकते. त्या चार दिवसांसाठी चार बोल्ट काढून मी जुनीच नळी पुन्हा उभी करतो. एरवी ती गोठ्याच्या आढ्याला टांगलेली असते.